अत्तराला ऋतू विचारावा

चैत्रगौर बसली की दुर्गाघाटावरच्या त्या जुन्या घरात आंब्याच्या डाळीचा आणि पन्ह्याचा वास दरवळू लागतो. काशीच्या या भागात, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाटाच्या गल्ल्यांमधून, पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली मराठी घरे आहेत. पूर्वी होती तितकी आता राहिली नाहीत. मुले नोकरीसाठी दिल्लीला, पुण्या-मुंबईला गेली आणि कित्येक दारांना कुलपे लागली. पण जी घरे उघडी आहेत, तिथे चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते, हळदीकुंकू होते, अत्तरगुलाब होतो.

या घरातल्या थोरल्या बाईंना सगळे 'माई' म्हणतात. वय बहात्तर. माहेर कोल्हापूरचे. १९७२ साली लग्न होऊन त्या काशीला आल्या आणि काशीच्याच झाल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या पहाटेपासून राबतात. डाळ भिजवणे, कैऱ्या उकडणे, पन्हे गाळणे, गौरीपुढची आरास, सगळे त्यांच्या देखरेखीखाली. मात्र संध्याकाळी बायका येऊ लागल्या की माई स्वयंपाकघरात जातात आणि शेवटची बाई उंबरा ओलांडून जाईपर्यंत बाहेर येत नाहीत.

त्यांना आत बसायला कोणी सांगितलेले नाही. २०१७ च्या माघात काका गेले. त्यानंतर जे सुरू झाले ते आपसूकच चालत राहिले. २०२३ च्या चैत्रातही तसेच झाले असते. पण त्या वर्षी घरात एक बाटली आली.

लिंबाच्या वासावरून भांडण

नातू पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. एप्रिलमध्ये चार दिवस घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत सेंटची एक बाटली होती. सकाळी आंघोळ करून, ते अंगावर फवारून तो जेवणघरात आला आणि त्याच्या वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले.

"हा वास कसला रे? कुणी लिंबं चिरली का?"

"सेंट आहे, बाबा. लिंबू, संत्र्याची साल, आलं, मिरी आणि वेलची."

"म्हणजे बायकांचं!"

"बाटलीवर असं काही लिहिलेलं नाही."

वडिलांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. खरोखरच पुरुषांसाठी की स्त्रियांसाठी, असा शब्द त्यावर कुठेही नव्हता. त्यामुळे ते अधिकच अस्वस्थ झाले. "पुढच्या महिन्यात तुझी नोकरीची मुलाखत आहे. असा मुरडत, घमघमत जाणार का तिथं? लोक काय म्हणतील?"

नातीला राहवले नाही. ती बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राचीन इतिहास घेऊन एम. ए. करते. "बाबा, काल संध्याकाळी मीही तेच लावलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, छान वास येतोय. चोवीस तासांत ते बिघडलं कसं?"

सून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मुलाच्या अंगाला उन्हाळ्यात लिंबाचा वास आला तर काय बिघडलं? घामाच्या वासापेक्षा बरा."

वाद वाढू लागला तसा निवाड्यासाठी माईंकडे गेला. त्यांनी बाटलीचे टोपण नाकाशी धरले, डोळे मिटले आणि क्षणभराने हसून म्हणाल्या, "अरे, ही तर आपली घाटावरची नींबू चाय!"

सगळे हसले, कारण ते तंतोतंत खरे होते. बिनदुधाचा चहा, त्यात पिळलेले लिंबू, काळे मीठ आणि चिमूटभर मसाला, अशी ती बनारसची नींबू चाय. नाकात आधी लिंबू शिरते आणि मागून मसाला. नावाडी ती पितो, पंडित पितो, नातवंडाला कडेवर घेतलेली आजी पिते आणि गंगा बघायला आलेली परदेशी मुलगीही पिते. ती बायकांची की पुरुषांची, असे चायवाल्याला अजून कोणी विचारलेले नाही.

हसण्याच्या भरात नातू म्हणाला, "माई, तू हात पुढे कर बघू." आणि त्याने बाटली उचलली.

माईंनी झटकन हात मागे घेतला. तो पदराखाली गेला.

"मला नको रे. मला आता कशाला वास?"

जेवणघर एकदम शांत झाले. वडिलांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडले. सुनेच्या हातातले लाटणे थांबले.

एक कुपी, दोन माणसे

काका डिझेल रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात नोकरीला होते. दिवसभर तेल, ग्रीज आणि लोखंड यांच्या वासात काम करणारा हा माणूस अत्तराचा मोठा शौकीन. सुटीच्या दिवशी चौकातल्या गंध्याकडे फेरी ठरलेली. उन्हाळ्यात खस, म्हणजे आपला वाळा. पावसाळ्याच्या तोंडावर मातीचे अत्तर. थंडीत हिना. सकाळी कुपीतला काचेचा दांडा कापसाच्या बोळ्यावर टेकवायचा, फाया कानात खोचायचा आणि बोटाला उरलेले अत्तर माईंच्या मनगटावर पुसायचे, हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा नेम.

कुपी एकच असे. ती काकांची की माईंची, हा प्रश्न त्या घरात कधी उठला नाही. काका कामावर गेले तरी घरात दुपारपर्यंत त्यांचा वास असे, कारण तोच वास माईंच्या हाताला असे.

काका गेल्यानंतरच्या पहिल्याच चैत्रात घरात हळदीकुंकू झाले. अत्तरदाणी सुनेच्या हातात होती. बैठकीतल्या बायकांना अत्तर लावून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. माई आत पन्ह्याचे पेले भरत होत्या. सून दारात थांबली, आणि मागे वळली. कोणी काही बोलले नाही. माईंनी मान वर केली नाही. पण दोघींनाही ते कळले होते.

त्याच गल्लीत समोरच्या वाड्यात एक विधुर गृहस्थ राहतात. पत्नी गेली त्याला दहा वर्षे झाली. प्रत्येक लग्नात, मुंजीत यजमान त्यांना आदराने अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. ते कानात फाया खोचून, हसतमुखाने पंक्तीला बसतात. त्यात वावगे काहीच नाही. मग माईंच्याच हाताला अत्तर वर्ज्य का?

लेबल कोणी लावले?

सकाळचे भांडण नातीच्या डोक्यातून गेले नव्हते. दोन दिवस तिने ग्रंथालयात वेचले आणि रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर वडिलांसमोर पाढाच वाचला.

पहिला दाखला वात्स्यायनाच्या कामसूत्राचा. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात रसिक नागरकाच्या खोलीचे वर्णन आहे. उशाशी उटी, फुलांच्या माळा, सुगंधाची पुडी, विडे आणि 'मातुलुंगा'ची साल ठेवलेली असावी, असे त्यात सांगितले आहे.

"मातुलुंग म्हणजे?" नातवाने विचारले.

उत्तर माईंनी दिले. "महाळुंग रे. लिंबाच्या जातीतलं मोठं फळ. आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ना, तेच."

म्हणजे लिंबाच्या जातीच्या फळाचा वास पुरुषाच्या खोलीत होता आणि ते फळ देवीच्या हातातही होते! शिवाय सुगंध तयार करण्याची विद्या, जिला 'गंधयुक्ती' म्हणत, ती याच ग्रंथात चौसष्ट कलांमध्ये धरली आहे आणि त्या कला स्त्रियांनी शिकाव्यात असे म्हटले आहे.

दुसरा दाखला वराहमिहिराचा. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० प्रकारच्या निवडी होतात आणि त्यांची प्रमाणे बदलत गेले तर १,७४,७२० सुगंध बनू शकतात, असा हिशेब त्याने मांडला आहे. त्या हिशेबात बायकांचे किती आणि पुरुषांचे किती, असा रकाना नाही.

तिसरा दाखला मराठीतला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी जुन्या हस्तलिखितांतून भारतीय सुगंधविद्येचा इतिहास खणून काढला. त्यांनी अभ्यासलेल्या ग्रंथांत 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे दोन होते. त्यांतल्या गंधवादावर चक्क जुनी मराठी टीका आहे. १९८९ मध्ये बडोद्याहून हे दोन्ही ग्रंथ छापून प्रसिद्ध झाले. अत्तराच्या कृती मराठीत समजावून घ्याव्यात असे वाटणारी माणसे आपल्यातही केव्हापासून होती, याचा हा पुरावा.

"हे सगळं आपल्याकडचं झालं," वडील म्हणाले. "पण हा लिंबाचा फवारा विलायतीच ना?"

नातीला हेच हवे होते. योहान मारिया फरिना हा मूळचा इटलीचा. त्याने १७०९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात लिंबू, संत्रे आणि बर्गमॉट यांच्या सालींच्या तेलांपासून एक हलके सुगंधी पाणी बनवले. इटलीतल्या वसंतातली सकाळ त्याला त्यात पकडायची होती. शहराच्या नावावरून ते 'ओ द कोलोन' झाले. राजेरजवाड्यांनी ते वापरले, त्यांच्या राण्यांनी वापरले, नेपोलियन तर ते मनमुराद वापरत असे. फुलांचे गोड वास बायकांचे आणि लाकडाचे, चामड्याचे उग्र वास पुरुषांचे, अशी वाटणी पुढे मोठ्या बाजारपेठेच्या काळात पक्की होत गेली. कारण उघड आहे. घरात एका बाटलीऐवजी दोन खपतात. १९९४ मध्ये एका अमेरिकन कंपनीने 'सीके वन' नावाचे सेंट स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हा जगभर त्याची नवलाई झाली. दुर्गाघाटावर काका आणि माई तेव्हा बावीस वर्षे एकच कुपी वापरत होते!

"आणि बाबा," नात म्हणाली, "तुम्ही दाढी झाल्यावर रोज ओल्ड स्पाइस लावता ना? ते १९३७ साली पहिल्यांदा बाजारात आलं, तेव्हा बायकांसाठी होतं. पुरुषांचं दुसऱ्या वर्षी निघालं."

वडिलांचा हात नकळत गालाकडे गेला. आधी नातू हसला आणि मग ते स्वतःही हसले. "बरं बाबा, लाव तुझं लिंबू."

"पण अंगावर नको, कपड्यांवर मार," ताईने भावाला बजावले. "लिंबाच्या जातीच्या काही तेलांनी, विशेषतः बर्गमॉटच्या, उन्हात कातडीवर काळे डाग पडतात. आणि सारखं फवारत बसू नकोस. लिंबाचा वास हलका असतो, लवकर उडून जातो. मागे राहतो तो मसाल्याचा."

मग ती थोडी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई आणि पुरुष ही रेघ अत्तरात नव्हतीच, बाबा. ती बाजारानं मारली. पण आपल्या घरात एक रेघ आहे. ती कुठल्याच बाजारानं मारलेली नाही."

माई उठून खाली गेल्या. सून गच्चीच्या कठड्याला टेकून कितीतरी वेळ उभी होती.

तिला वर्षभरापूर्वीचा एक फोन आठवत होता. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे, हे गावात होणार नाही, असा तो ठराव. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. ही बातमी माईंच्या भाचीने मोठ्या उत्साहाने फोनवर कळवली होती. माई म्हणाल्या होत्या, "चांगलं झालं हो." आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसल्या होत्या.

गावाने आपला ठराव केला. घराचा ठराव कोणी करायचा? अत्तरदाणी तर आपल्याच हातात होती!

गर्मी का, कि जाड़े का?

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "माई, अक्षय्य तृतीयेला हळदीकुंकू करू या. अत्तर संपलंय. तुम्ही माझ्याबरोबर चौकात चला. मला त्यातलं कळत नाही."

माईंनी आढेवेढे घेतले. ऊन आहे, गुडघे दुखतात. पण सून ऐकेना. शेवटी दोघी सायकलरिक्षाने निघाल्या.

चौकातले ते दुकान जेमतेम चार हात रुंद. कपाटात काचेच्या कुप्या आणि गादीवर म्हातारा दुकानदार. काकांच्या वेळचाच तो. त्याने माईंकडे पाहिले, ओळखले, पण काकांची चौकशी केली नाही. सहा वर्षे गिऱ्हाईक आले नाही, याचा अर्थ त्याला कळला असावा. त्याने फक्त त्याच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारला.

"माताजी, गर्मी का चाहिए, कि जाड़े का?"

बाईसाठी की पुरुषासाठी, असे तो विचारत नाही. सौभाग्यवतीसाठी की आणखी कोणासाठी, असेही नाही. जुन्या अत्तरवाल्यांची वाटणी ऋतूंची असते. वाळा, गुलाब, मोगरा, केवडा ही थंडावा देणारी अत्तरे उन्हाळ्याची. हिना आणि लवंग, वेलची, जायफळ अशा मसाल्यांचा शमामा ही ऊब देणारी, म्हणून थंडीची.

दुकानदाराने खसची कुपी उघडली. हिरवट, दाट तेल. हे अत्तर बनते कनौजला. तांब्याच्या देगेत वाळ्याची मुळे आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडे पेटवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त उतरवतात. हा भपका, म्हणजे लांब मानेचे भांडे, पाण्यात बुडवलेला असतो. त्यात पूर्वी चंदनाचे तेल असे. चंदन महाग झाल्यापासून बरेच जण दुसरी तेले वापरतात. अस्सल खसाला हा हिरवा रंग तांब्याच्या देगेमुळेच येतो.

त्याने सवयीने काचेचा दांडा पुढे केला. माईंचा हात पदराखालीच होता. सून काही बोलली नाही. तिने फक्त स्वतःचा हात पुढे केला, अत्तर लावून घेतले आणि ते बोट माईंच्या मनगटावर हलकेच पुसले. अगदी काका पुसत असत तसे.

माईंनी हात मागे घेतला नाही. रिक्षातून घरी येईपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पण मैदागिनच्या गर्दीत, धुराळ्यात, त्यांनी दोनदा मनगट नाकाशी नेलेले सुनेने पाहिले.

अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ

अक्षय्य तृतीयेला गौरीपुढे नेहमीसारखी आरास झाली. कलिंगड कातरले, हरभरे भिजवले, डाळ झाली, पन्हे झाले. वडिलांनी स्वतः बाजारातून मोगऱ्याचे गजरे आणले. मोजून घरातल्या सगळ्या बायकांसाठी, आणि एक जास्तीचा. तो कोणासाठी हे त्यांनी सांगितले नाही. फक्त देवघराजवळच्या माईंच्या पाटावर ठेवून दिला.

बायका जमल्या. सुनेने हळदीकुंकू लावले आणि अत्तरदाणी हातात घेतली. पण बैठकीतल्या पहिल्या बाईकडे न जाता ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. सहा वर्षांपूर्वी ती जिथून मागे वळली होती, तो उंबरा तिने ओलांडला.

"माई, आधी तुम्ही."

बैठक गप्प झाली. माईंनी सुनेकडे पाहिले, मग बाहेर बसलेल्या बायकांकडे पाहिले. हात पुसले आणि पुढे केला. अत्तर लागले. सून त्यांचा तोच हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली आणि गौरीजवळ बसवले.

सगळ्यांना ते रुचले असे नाही. एका वयस्क बाईंनी तोंड फिरवले आणि ओटी घेऊन लवकरच निघाल्या. दोघीतिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पण एक तरुण मुलगी सरळ माईंजवळ येऊन बसली आणि डाळीत कैरी किती घातली, हे विचारू लागली. हळूहळू बोलणी सुरू झाली. गुलाबदाणी फिरली. नातवाने दारातूनच विचारले, "माझ्या हाताला नाही का अत्तर?" आणि हशा पिकला. त्यालाही लागले. लिंबू आणि वाळा यांचा वास एकत्र कसा येतो, हे मग नात सगळ्यांना हुंगवत फिरली.

थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आपल्या सुनेला सोडायला आल्या. पांढुरकी साडी, मोकळे कपाळ. सुनेला आत पाठवून त्या रीतीप्रमाणे बाहेरच, जिन्याच्या पायरीवर टेकल्या.

माईंचे लक्ष गेले. त्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या. सुनेच्या हातातली अत्तरदाणी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि दारापाशी गेल्या.

"अहो, बाहेर का बसलात? या, आत या. हात करा बघू पुढे."

त्या बाई गोंधळल्या. "मला? अहो, मला कसं चालेल?"

"न चालायला काय झालं?" माई म्हणाल्या. "वाळ्याचं आहे. उन्हाळ्यात बरं असतं."